फुंकणी ते स्पायरोमीटर

(गेल्या गणेशोत्सवात बालीगंज येथे झालेल्या व्याख्यानाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला व थोडा संक्षेप केलेला मजकूर. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



मसालेभाताचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. फुफ्फुसांची चाचणी करणारी तंत्रज्ञ म्हणून दक्षिण कोलकात्यातल्या एका रुग्णालयात एकोणतीस वर्षं काम केलं आणि निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर लोकांना "फुंका, फुंका, अजून फुंका" असं सांगायचा पगार घेतला. इथल्या रुग्णांना अर्थात बंगालीतून, "जोरे, आरो जोरे, छाडबेन ना!" माझे यजमान म्हणायचे, तू झोपेतसुद्धा हेच ओरडतेस.

आज या सभागृहात दोन तऱ्हेचे मराठी लोक बसले आहेत. एक आम्ही बालीगंज, गडियाहाट, ढाकुरियाकडचे, बँक, विमा, रेल्वे, भूविज्ञान खातं, कॉलेज यांच्या नोकरीनिमित्त आलेले. दुसरे बऊबाजार आणि बडाबाजारातून आलेले आपले गलाईवाले. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, त्यामुळे मी दोन्हीकडची. आपल्या बंगाली शेजाऱ्यांना आणि इथल्या काही मराठी मंडळींनाही माहीत नसतं, की सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा करणारी सांगली-सातारा भागातली, विटा-आटपाडी-खानापूरकडची माणसं भारतातल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात आहेत. पाऊस नाही, शेतात काही पिकत नाही, म्हणून बाहेर पडलेली ही माणसं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस कुठल्यातरी परराज्यातल्या गल्लीत भट्टीपुढे बसलेला असतो.

फुंकणी दोघांच्याही घरात होती. सोनाराकडची फुंकणी वेगळी आणि चुलीपुढची वेगळी, पण काम एकच, आपल्या छातीतली हवा विस्तवावर सोडायची. विस्तव फुलतो आणि धूर परत आपल्याच छातीत येतो. माझ्या आजीने चुलीवर, आईने कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केला, आणि लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा शेजारच्या घरांतून संध्याकाळी कोळशाच्या भुकटीचे 'गुल' घालून उनून पेटायचे. हिवाळ्यात साडेपाच-सहाला सगळी गल्ली निळसर धुराने भरून जायची. जुन्या लोकांना आठवत असेल. गॅस आला आणि ते गेलं. पण त्या धुरात ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं काढली, त्या बायका आज सत्तरीत आहेत, आणि त्यातल्या काही माझ्या खोलीत येऊन गेल्या.

त्यातल्या एकीचं सांगते. सहासष्ट वर्षांच्या मावशी, उंची दीडशे सेंटिमीटर. आयुष्यात बिडी-सिगारेट नाही, तंबाखूची मिश्रीसुद्धा नाही. जिना चढताना दम लागतो म्हणून चार वर्षं हृदयाची तपासणी चालू होती. हृदय बरं निघालं. मग "वय झालं" असं सांगितलं गेलं. मावशींनीही ते मानलं, आणि काय केलं, तर जिना चढणं सोडलं. बाजाराला जाणं सोडलं. दम लागेल असं काही करायचंच नाही, मग दम कशाला लागेल? त्यांनी माझ्या यंत्रात फुंकलं, तेव्हा सगळी मिळून हवा निघाली १.९ लिटर आणि त्यातली पहिल्या सेकंदात निघाली १ लिटर.

या दोन आकड्यांत सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

स्पायरोमीटर म्हणजे श्वास मोजायचं यंत्र. पोटभर, छातीभर श्वास घ्यायचा, तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरायची, नाकाला चिमटा, आणि एकदम जोरात सगळी हवा बाहेर फेकायची. बाहेर पडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच एकूण हवेतली सत्तर-ऐंशी टक्के हवा बाहेर टाकतो, तरुण असला तर त्याहूनही जास्त. ज्याच्या श्वासनलिका आकसल्या आहेत त्याची हवा निघते, पण रेंगाळत निघते. मावशींच्या एकोणीसातले दहाच वाटे पहिल्या सेकंदात आले, म्हणजे ५३ टक्के. पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावरही हे गुणोत्तर ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. औषधाने आकडा चांगला वर आला, तर दम्याकडे बोट जातं. आणि गुणोत्तर बरोबर, पण एकूण हवाच कमी, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नळ्या मोकळ्या असतात, पण फुफ्फुसच कडक झालेलं किंवा आखडलेलं असण्याची शक्यता असते. दगड फोडण्याच्या कामावर सिलिकाची धूळ छातीत गेलेल्या माणसांत असं दिसू शकतं.

इथे बंगाली घरांतून रोज शंख वाजतो. शंख वाजवणारी माणसं माझ्याकडे फार आत्मविश्वासाने यायची. "दीदी, आमार दम देखबेन!" आणि आकडा पडल्यावर खट्टू व्हायची. गालाच्या ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. फुगा फुगवून सोडला की हवा आपोआप बाहेर येते, ती फुग्याच्या रबराच्या ताणामुळे. किती वेगाने येते हे फुग्याच्या तोंडावर अवलंबून. फुफ्फुसाचं तसंच आहे. सुरुवातीला जोर लावावाच लागतो, पण एकदा हवा सुटली की पुढचा वेग ठरवतात ती आतली लवचिकता आणि नळ्यांची रुंदी. पैलवानालाही तिथे लबाडी करता येत नाही. उलट कमी फुंकून लबाडी मात्र करता येते, ती ओळखणं हेच आमचं काम.

यंत्राचा इतिहास विमा कंपनीच्या मंडळींना आवडेल. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या घंटेच्या आकाराचं यंत्र करून २,१३० माणसांची फुंक मोजली. त्यात खलाशी होते, पोलीस होते, मल्ल होते, उमराव होते. त्यांना दिसलं, की माणसाची फुंक त्याच्या उंचीच्या प्रमाणात वाढते. वजनाशी तसा सरळ संबंध नाही. 'व्हायटल कपॅसिटी' हा शब्द त्यांचाच. आणि हे यंत्र आयुर्विमा उतरवताना उपयोगी पडेल, असं त्यांना वाटत होतं. विमेवाल्यांनी ते काही फारसं मनावर घेतलं नाही. हचिन्सन १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८६१ मध्ये फिजी बेटांवर वारले. पहिल्या सेकंदाचं महत्त्व कळायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली. पॅरिसच्या तिफनो यांनी १९४७ मध्ये ते दाखवून दिलं. आज कुठल्याही रिपोर्टवर पहिल्या सेकंदाचा आकडा असतोच.

आपल्याकडे या कामात एक मोठं मराठी नाव आहे, मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईतल्या कमी-जास्त प्रदूषणाच्या वस्त्यांतल्या आणि खेड्यातल्या माणसांची तुलना केली, त्यांच्या फुफ्फुसांच्या चाचण्या केल्या. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर मुंबईला आलेल्या बाधितांचीही तपासणी त्यांनी केली. भारतीय माणसाची सर्वसाधारण फुंक किती असावी, याची समीकरणंही त्यांच्या गटाने दिली. त्यानंतरच्या पिढीत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, हे त्यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या पाहणीत भारतातल्या ८८० गावा-शहरांतल्या डॉक्टरांकडे एका दिवशी आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद होती. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार श्वसनाची होती. विचार करा, दोन लाखांत एक लाख! आणि त्यातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी स्पायरोमीटरमध्ये फुंकलं असेल? रक्तदाब मोजल्याशिवाय रक्तदाबाची गोळी कुणी घेत नाही. साखर मोजल्याशिवाय मधुमेहाची नाही. पण छातीचा पंप मात्र नुसत्या अंदाजावर वर्षानुवर्षं चालू असतो.

आता एक गुंतागुंतीचा मुद्दा. तो सांगितल्याशिवाय रिपोर्ट वाचता येत नाही. रिपोर्टवर लिटरच्या शेजारी टक्के छापलेले असतात. 'अपेक्षित आकड्याच्या ६२ टक्के', असं. आता हा अपेक्षित आकडा कुणाचा? यंत्र तुमचं वय, उंची, स्त्री की पुरुष हे विचारतं, आणि त्यात भरलेल्या समीकरणाने ठरवतं. ते समीकरण जर युरोपातल्या माणसांवरून काढलेलं असेल, तर आपल्यातला धडधाकट माणूसही कमी दिसतो. म्हणून इथल्या लोकांची मोजणी करावी लागते. कोलकात्यातल्या धूम्रपान न करणाऱ्या निरोगी पुरुषांची मोजणी १९८८ मध्ये आणि स्त्रियांची १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्व भारतासाठी नवं समीकरण २०१५ मध्ये आलं.

पण याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये सतरा देशांतल्या माणसांची एक तुलना प्रसिद्ध झाली. वय, उंची सारखी धरूनही दक्षिण आशियातल्या माणसाची पहिल्या सेकंदाची फुंक उत्तर अमेरिका-युरोपातल्या माणसापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी भरली. त्यात शरीराच्या ठेवणीचा भाग असेल. पण जन्माच्या वेळचं कमी वजन, लहानपणचं अपुरं खाणं, चुलीचा धूर, वारंवार झालेले छातीचे आजार, हे त्यात नाहीच असं कोण म्हणेल? "आपल्या लोकांचं कमीच असतं" असं म्हणून आपण आपल्या दुखण्यालाच नियम ठरवतो आहोत, असं मला पुष्कळदा वाटायचं. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न विचारता सर्वांना एकच समीकरण लावावं, अशी शिफारस केली. त्यावर अजून वाद आहेत. तुमच्या-माझ्यासाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच, की दोन रिपोर्टांची तुलना करताना टक्क्यांवर जाऊ नका, लिटर बघा. प्रयोगशाळा बदलली, यंत्र बदललं, तर टक्के उगाच खालीवर होतात. लिटर तेवढे होत नाहीत. आणि एफईव्ही-वन भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर कुठल्याही समीकरणात जवळजवळ तेच राहतं.

आता गलाईवाल्यांकडे येते.

साधारण शेचाळीस वर्षांचा एक माणूस माझ्याकडे आला. गाव आमच्याच तालुक्यातलं, मला आक्का म्हणणारा. अठ्ठावीस वर्षं तेजाबापुढे. दुकान म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीला टेकलेली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोन्यातून चांदी-तांबं वेगळं काढायला ते नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोनं खाली राहतं, आणि वर तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. शिवाय मुशीखालची भट्टी, आणि कधीकाळी 'केडीएम'च्या डाखासाठी कॅडमियम. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना दोन्हींना खातो.

त्याचा एक्स-रे स्वच्छ होता. म्हणून त्याला वाटत होतं, काही झालेलं नाही. फुंक निघाली ३.१ लिटर, पहिल्या सेकंदात १.८. गुणोत्तर ५८ टक्के. पंपानंतर १.९. म्हणजे नळ्या अरुंद, आणि औषधाने फारशा न उघडणाऱ्या. युरोपीय समीकरणाने तो जेमतेम पन्नास टक्क्यांवर होता, आपल्याकडच्या समीकरणाने साठाच्या पुढे. पण १.८ लिटर ते १.८ लिटरच. मी विचारलं, दम कधीपासून लागतो? म्हणाला, "दम कुठं लागतोय आक्का, सकाळी खोकला येतोय तेवढा."

हेच ते. फुफ्फुसांना आपण जन्माला येताना भरपूर शिल्लक घेऊन येतो. रोजच्या चालण्या-बोलण्याला तिचा थोडाच भाग लागतो. फुफ्फुसं विशीपर्यंत वाढतात, काही वर्षं स्थिर राहतात आणि मग निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची फुंक दरवर्षी साधारण पंचवीस-तीस मिलिलिटरने कमी होते. धुरात असलेल्याची त्याहून वेगाने. खात्यातली शिल्लक जाते आहे आणि पासबुक कुणी भरून घेत नाही, अशातली गत. दम लागायला लागतो तोवर निम्मी शिल्लक उडालेली असू शकते. गेलेली परत येत नाही. पुढची गळती मात्र थांबवता येते, निदान कमी करता येते.

त्याने तेजाब सोडलं. सहज नाही सोडलं. घरी मुलीचं लग्न, गावाकडे विहिरीचं कर्ज. पण भाऊबंदांनी त्याला वजनकाट्यावर आणि हिशेबाला बसवलं. दोन वर्षांनी पुन्हा फुंकलं, १.८. जागचा हलला नव्हता. माझ्या एकोणतीस वर्षांत मला सगळ्यांत समाधान देणाऱ्या रिपोर्टांपैकी तो एक. त्यात सुधारणा काहीच नव्हती!

त्याच्याबरोबर त्याचा सतरा वर्षांचा भाचा आला होता, गावाहून नुकताच कामाला आणलेला. मी त्यालाही फुंकायला लावलं. आकडा छान आला. मामा म्हणाला, "त्याला काय धाड भरलीय, त्याचं कशाला?" पण मला तोच कागद जास्त मोलाचा वाटत होता. सतराव्या वर्षी फुफ्फुसं अजून वाढत असतात. आज त्याची फुंक किती आहे हे लिहून ठेवलं, तर पुढल्या वर्षी वाढली, थांबली की घटली, हे कळेल. पहिला आकडा नसेल तर पुढच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

आणि एक गोष्ट इथल्या प्रत्येक गलाईवाल्याने घरी जाऊन सांगावी. तेजाबाचा धूर एकदम खूप छातीत गेला, तर त्या वेळी थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि मग बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी रात्री उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसांत पाणी भरतं आणि श्वास कोंडतो. आमच्या रुग्णालयात एकाला पहाटे तीनला असं आणलं होतं. भांडं उतू गेलं होतं आदल्या संध्याकाळी सातला. वाचला, कारण बरोबरच्या मुलाने "संध्याकाळी तेजाब सांडलं होतं" हे डॉक्टरांना सांगितलं. तेव्हा धूर लागला असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जायचं आणि काय झालं ते सांगायचं. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूला अडवत नाही. करोनात घेतलेला एन-९५ सुद्धा नाही, तो धूळकणांसाठी आहे. आम्लवायूसाठी वेगळ्या डब्याचा मुखवटा मिळतो. पण मुखवट्याच्या आधी धूर खेचून छपरावर सोडणारा पंखा आणि धुराडं हवं. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवण्याजोग्या रोगांची यादी होती, तीत नायट्रस धुराच्या विषबाधेचं नाव होतं. म्हणजे सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. पण चार माणसांच्या खोलीला कारखाना कोण म्हणणार?

बालीगंजच्या मंडळींनी फार निश्चिंत होऊ नये. आपल्या इथेच प्रदूषण मंडळाचं हवा मोजायचं केंद्र आहे, त्याचे आकडे डिसेंबर-जानेवारीत बघा. २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा गेल्या, काटा तेलाचा तो निळा धूर गेला, हे खरं. पण हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि धूर वर जात नाही. अशा वेळी पहाटे पाचला ढाकुरिया लेकवर भराभर चालणं म्हणजे सगळ्यांत वाईट हवा सगळ्यांत खोल ओढणं. ऊन पडल्यावर जा. घरात डासांची कॉइल लावता? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी लावा. धुनो आणि आपला धूप-कापूर याबद्दल मी जास्त बोलत नाही, बाप्पा समोर बसले आहेत. फक्त खिडकी उघडी ठेवा. आपल्या जवळच हजरा इथल्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या शाळकरी मुलांची फुफ्फुसं तपासली होती. तिथल्या ४३.५ टक्के मुलांची क्षमता कमी निघाली, तुलनेला घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. कोलकात्याने दिल्लीकडे बोट दाखवून हसावं, अशी काही आपली हवा नाही.

चाचणीच्या वेळी काय करायचं तेवढं सांगते. चांगल्या प्रयोगशाळेत रोज सकाळी तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीने यंत्राचं माप तपासतात. काट्याशिवाय सराफ नाही, तसं हे. उंची जोडे काढून मोजली पाहिजे. "उंची किती?" असं नुसतं विचारून लिहिणारा भेटला तर सांगा, मोजून घ्या. किमान तीन वेळा चांगलं फुंकावं लागतं आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकी दीडशे मिलिलिटरच्या आत जुळाव्या लागतात. एकदा फुंकवून रिपोर्ट हातात दिला, तर तो रिपोर्ट घेऊ नका. फुंक मध्येच सोडायची नाही, सहा सेकंद किंवा आलेख सपाट होईपर्यंत. हे सहा सेकंद फार मोठे असतात. म्हणूनच तर आम्ही ओरडतो. नुकतंच मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर आधी सांगा. क्षयाची शंका असेल तर ती तपासणी पहिल्यांदा. पंप घेत असाल तर कुठला किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने नाही.

मावशींचं राहिलं. त्यांना पंप सुरू झाला, तो नीट ओढायला शिकवायलाच दोन खेपा लागल्या. त्याबरोबर रोजचं थोडं थोडं चालणं. फुंकेचा आकडा फारसा बदलला नाही. पण परवा त्या गडियाहाटच्या बाजारात भेटल्या, इलिश घेत होत्या आणि भावावरून भांडत होत्या. एका दमात पाच-सहा वाक्यं!

(यानंतर श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न.)

प्रश्न : प्राणायाम केला तर फुंक वाढते का?
उत्तर : श्वासाचे स्नायू बळकट होतात, दम लागला तरी घाबरगुंडी कमी होते. थोडा आकडा वाढल्याचंही काही अभ्यासांत दिसलं आहे. जरूर करा. पण अरुंद झालेली नळी त्याने रुंद होत नाही. प्राणायाम सुरू केला म्हणून पंप बंद केलेली माणसं मी तातडीच्या विभागात पाहिली आहेत.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे, सारखा खोकतो. त्याची चाचणी होईल?
उत्तर : साधारण पाच-सहा वर्षांपासून मुलं नीट फुंकू शकतात. आम्ही पडद्यावर मेणबत्त्या दाखवतो, फुंकून विझवायच्या. चार वर्षांच्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते दुसऱ्या तऱ्हेने ठरवतील.

प्रश्न (बऊबाजारातून आलेले एक गृहस्थ) : आक्का, चाचणीत काय निघालं तर तो कागद शेठला दाखवायला लागतोय का? पोरांना कामावरनं काढलं म्हंजे?
उत्तर : कागद तुमचा. तो तुमच्या डॉक्टरला दाखवायचा आणि घरी जपून ठेवायचा. मी कुणाच्या शेठला सांगायला जाणार नाही, आणि समितीकडेही नावांची यादी जाणार नाही. पण आपल्यातलेच कितीतरी जण आता स्वतः शेठ झालेले आहेत, ते आज इथे बसलेत. त्यांना मी जेवताना वेगळं गाठणार आहे, पंखा आणि धुराड्याचा खर्च विचारायला. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, याच सभागृहात, मी एक चालतं यंत्र आणि एक छातीचे डॉक्टर घेऊन येते. नव्याने आलेल्या पोरांना आधी आणा, म्हाताऱ्यांना नंतर. तुडुंब नाश्ता करून येऊ नका, पट्टा आवळून बांधू नका, तासभर आधी बिडी ओढू नका, आणि उंची मोजायची आहे, तेव्हा मोज्यांना भोकं असतील तर ती घरीच शिवून या.